पाचपैकी चार

आजच्या निरोप समारंभाच्या अध्यक्षा आणि आपल्या महिला मंडळाच्या प्रमुख श्रीमती विल्मा साल्मेला, शेजारी बसलेले आदरणीय पाद्री हॅल्वरसन, ग्रंथालयाच्या डोरिसबाई, जिच्यासाठी आपण जमलो ती मार्लिस कांगस, आणि चर्चच्या या तळघरात अंगातले कोट न काढता बसलेल्या माझ्या गावकऱ्यांनो,

माझी शाळा सहावीला सुटली, तेव्हा भाषणाला मला उभं केलं यात दोष मंडळाचा. पाद्रीसाहेब मघाशी कानात म्हणाले, "हिल्माबाई, थोडक्यात आणि गोड बोला." थोडक्यात बोलायचा प्रयत्न करते.

मार्लिसनं आपल्या गावचं सँडविचचं दुकान सतरा वर्षं चालवलं. दुकान कंपनीचं, आणि कंपनी पार दक्षिणेला, जिथं बर्फ फक्त पेल्यात बघायला मिळतो. त्यांचा नियम असा की गिऱ्हाईक काचेपुढं उभं राहिलं की दीड मिनिटात सँडविच हातात पडलं पाहिजे. दीड मिनिटात आपल्याकडं काय होतं? जानेवारीत माणसाचे हातमोजेसुद्धा निघत नाहीत.

अध्यक्षबाई, रागावू नका, पण दाखला तुमचाच देते. विल्मा काचेपुढं चार मिनिटं विचार करते. हा पाव की तो, कांदा घालू की नको, आणि शेवटी मागते टर्कीच. तिची गाडी अंगणात वळली की मार्लिस टर्कीचं सँडविच करायला घ्यायची. विल्माचा विचार संपेपर्यंत पुडी बांधून तयार. कंपनीचं घड्याळही खूश, विल्माही खूश. एकदा मात्र विल्मानं ट्यूना मागितला. मार्लिसनं ट्यूनाचं करून दिलं आणि टर्कीचं स्वतः खाल्लं.

अशा बाईला कामावरून का काढलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण जो तो आपापल्या सोयीनं सांगतो, म्हणून मी एकदा सरळ सांगते.

पावतीच्या तळाशी छापलेलं असायचं, दुकान कसं वाटलं ते कळवा, एक ते पाच गुण द्या आणि एक कुकी फुकट घ्या. फुकटची कुकी सोडणारा माणूस या गावात अजून जन्मायचाय. आपण सगळे नेमानं कळवायचो, आणि नेमानं चार द्यायचो. आपल्या बापजाद्यांनी फिनलंडहून येताना दुसरं काही आणलं नसेल, पण हे आणलं. जेवण कितीही चांगलं झालं तरी आपण म्हणणार, "वाईट नाही." पाच म्हणजे फार झालं.

गेल्या शरदात कंपनीचे एक साहेब आले. डेरेक नाव, पातळ बूट. दिवसभर कोपऱ्यात बसून येईल त्याला विचारायचे. आपला रेइनो अकरा वर्षं रोज तिथं जेवतो. साहेबांनी त्याला विचारलं, "सँडविच कसं आहे?"

"वाईट नाही."

"म्हणजे चांगलं आहे?"

"तसं मी म्हणालो नाही."

साहेबांनी लिहून घेतलं. मी शेजारच्याच टेबलाला होते. म्हटलं, "साहेब, हा तुमची स्तुती करतोय." तेव्हा त्यांनी मला आकडे दाखवले. म्हणाले, "बाई, आमच्याकडं पाच तेवढे मोजतात. चार म्हणजे शून्य."

"मग चार छापता कशाला?"

त्यावर ते कॉफी प्यायले. मग म्हणाले, "तीन महिन्यांत आकडे वर आले नाहीत तर मॅनेजर बदलावी लागेल."

दोन वर्षं मार्लिसला ताकिदीची पत्रं येत होती. तिनं एकालाही सांगितलं नव्हतं. आम्ही चार देत होतो आणि ती "धन्यवाद" म्हणून कुकी देत होती.

त्याच आठवड्यात याच तळघरात बैठक भरली. मार्लिसला मुद्दाम बोलावलं नाही. रेइनो उठून म्हणाला, "सँडविचला पाच दिले तर पुढं काय उरलं? मी अजून बायकोलासुद्धा पाच दिलेले नाहीत."

त्याची बायको मागून म्हणाली, "मी तुला किती दिलेत ते विचार की."

लोक हसले, पण पाच द्यायला हात कोणी वर करेना. तेव्हा मी उभी राहिले. म्हटलं, "पाच लिहा. खोटं वाटत असेल तर ते पाप रविवारी पाद्रीसाहेबांकडं फेडा." पाद्रीसाहेब, तुम्ही तेव्हा छताकडं बघत होता.

पुढची अडचण अशी की गुणांच्या खाली दोन शब्द लिहायचे होते आणि स्तुती आपल्यात कोणाला येते? मी घरी जाऊन शाम्पूच्या बाटलीवरचं वाचलं आणि एक वाक्य करून दिलं, "स्वर्गीय अनुभव, प्रत्येक घासात नवी ताजगी." अठ्ठावन्न जणांनी ते जसंच्या तसं उतरवलं. घरी संगणक किती जणांकडं आहे? बहुतेकांनी डोरिसबाईंच्या ग्रंथालयात रांग लावून एकाच यंत्रावरून पाठवलं.

नऊ दिवसांत अठ्ठावन्न पाच, तेच वाक्य, तेच यंत्र. कंपनीनं काय समजायचं? मॅनेजरनं खोटे गुण भरवले असं समजून त्यांनी मार्लिसला काढलं आणि कागदावर कारण घातलं, अप्रामाणिकपणा. वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात तिनं अर्ज केला, त्यांनी तो कागद बघून परत पाठवला. जिनं सतरा वर्षांत कांद्याची एक चकती कोणाला कमी घातली नाही, तिला.

मग मी पुन्हा दारोदार हिंडले. या खेपेला सांगितलं, जो तो आपल्या शब्दांत लिहील. रेइनोनं लिहिलं, "मी खोटं बोललो. सँडविच चारचंच होतं. बाईंना यातलं काही माहीत नव्हतं." मला वाटतं, एवढी मोठी शिफारस त्यानं आयुष्यात कोणाची केली नसेल. अठ्ठावन्न पत्रं गेली. गेल्या महिन्यात उत्तर आलं. तो शब्द कागदावरून खोडलाय, जागा मात्र भरली गेली आहे. दुकानात नवीन बाई आहेत. त्या पुडी देतानाच सांगतात, "पाच द्या हं." आपण देतो. पाव कालचा असतो.

मार्लिस सोमवारी चाळीस मैलांवरच्या शाळेत स्वयंपाकाला लागते. तिथली मुलं गुण देत नाहीत, ताट तेवढं परत करतात. तेवढ्यावरून तिला कळेल.

कॉफी करणाऱ्या महिला मंडळाचे आभार. टेबलं मांडणाऱ्यांचे आभार. डोरिसबाईंनी कंपनीच्या चौकशीच्या वेळी ते यंत्र ग्रंथालयाचं म्हणून स्वतःहून सांगितलं, त्यांचे वेगळे आभार.

रिवाजाप्रमाणं आता चुकलंमाकलं पोटात घाला म्हणायचं असतं. मार्लिसच्या घरी जाऊन मी ते म्हणून आलेय. म्हटलं, "वाक्य माझं होतं. माफ केलंस का?" तिनं माझ्यापुढं कॉफी ठेवली आणि म्हणाली, "विचार करते." अजून करतेय, आणि तो तिचा हक्क आहे. तेव्हा माझ्या बोलण्यात कोणाला काही लागलं असेल तर त्यांनी मला इथंच, मी व्यासपीठावरून उतरायच्या आत माफ करून टाकावं. चाळीस मैलांच्या फेऱ्या मला तिच्यासाठी राखून ठेवायच्या आहेत.