किडनीच्या पेटीचा जाहीर सत्कार

मी बुद्धघोष साहेबराव सरतापे, वय ४७ वर्षे, धंदा नोकरी (दूध शीतकरण केंद्रात ऑपरेटर), रा. शेळगाव, ता. इंदापूर, जि. पुणे. समक्ष विचारल्यावरून सांगतो की, आमच्या गावच्या सत्कार समितीचे अध्यक्ष इंद्रजितदादा यांनी माझ्याविरुद्ध स्टेजवरून पेटी पळवून कार्यक्रमाचा विचका केल्याची तक्रार दिली आहे. पेटी मीच उचलली. ते मी नाकारत नाही.

आमच्या गावातील मानसिंग गेणबा शिंगाडे, वय ३४, याचा मोटारसायकलवर अपघात झाला. सोलापूरच्या दवाखान्यात डॉक्टरांनी त्याचा मेंदू मृत झाल्याचे सांगितले. त्याची आई दगडाबाई यांनी अवयवदानाच्या कागदावर अंगठा दिला. दि. १७ एप्रिल रोजी त्याची एक किडनी पुण्याच्या रुग्णासाठी रुग्णवाहिकेतून महामार्गाने निघाली. रस्ता मोकळा ठेवायचा बंदोबस्त आदल्या दिवशीच ठरला होता. ते कळल्यावर दादांच्या मनात आले की, गावच्या सुपुत्राची किडनी तालुक्यावरून जाते आणि गावाने साधा नारळही देऊ नये, हे बरे दिसत नाही.

इंदापूरजवळ महामार्गाला लागून मांडव घातला. फ्लेक्सवर दादांचा फोटो कमरेपर्यंत होता, मानसिंगचा पासपोर्टच्या मापाचा. मधले किडनीचे चित्र काढणाऱ्याने काजू बघून काढले असावे. दगडाबाईंना अंत्यदर्शन आहे असे सांगून जीपमधून आणले आणि पहिल्या रांगेत बसवले. मृतदेह मागच्या गाडीने येणार होता. त्याच्यासाठी कोणी हार आणलेला नव्हता. मला पाहुण्यांच्या मठ्ठ्यासाठी केंद्रावरून बर्फ आणायला सांगितले होते, म्हणून मी तेथे हजर होतो.

दुपारी २.१० वाजता रुग्णवाहिका आली. रस्त्यात तीनशे माणसे उभी असल्याने ती थांबली. बंदोबस्तावरील दोघांना त्या वेळी फेटे बांधणे चालू होते. किडनीसोबत आलेल्या डॉ. प्रियदर्शनी मॅडम थांबायचे नाही म्हणत असतानाच त्यांच्या खांद्यावर शाल पडली आणि महिला मंडळाने त्यांना खुर्चीत बसवले, उठू दिले नाही. पेटी स्टेजवर गेली. पेटीलाही शाल घातली. ऊन ४१ अंशांचे होते. पेटीला तापमानाचे मीटर आहे, ते ४ दाखवत होते. मी वीस वर्षे दुधाचे मीटरच बघत आलो, म्हणून माझे लक्ष तिकडे गेले.

दादा बोलायला उभे राहिले. दानावर दोन मिनिटे बोलले, बाकी वेळ महामार्गासाठी आपण केलेल्या पाठपुराव्यावर बोलले. मग आत फुले वाहायची म्हणून पेटीचे झाकण उघडले आणि फोटो नीट येईना म्हणून ते उघडेच ठेवले. किडनी तीन पिशव्यांत बांधलेली, त्यामुळे दिसत काहीच नव्हते, तरी लोकांनी हात जोडले. मीटर ६ वर गेले, मग ९ वर. मॅडम खुर्चीतून ओरडून सांगत होत्या की, गार असेपर्यंत ती झोपेत असते. तापली की रक्त मागू लागते आणि रक्त मिळाले नाही की मरते. दादांकडे माईक होता, त्यामुळे मॅडमचे म्हणणे जवळच्या आम्हा दोघातिघांखेरीज कोणाला ऐकू गेले नाही.

तेवढ्यात समितीचे उपाध्यक्ष ऋषिराज यांना चूक उमगली. ते कुल्फीच्या गाडीवरून मीठ घातलेला बर्फ घेऊन धावत आले. जेवढे गार तेवढे चांगले, असा त्यांचा समज. मी त्यांचा हात धरला. मिठाचा बर्फ शून्याच्याही खाली जातो. दूध गोठले तर ते नासके म्हणून परत येते आणि दुसरे घालता येते. किडनी गोठली तर आतून फुटते, दुसरी कुठून आणायची? हात धरला यालाच तक्रारीत धक्काबुक्की म्हटले आहे.

त्यानंतर दगडाबाई उठून स्टेजवर आल्या. दादांनी सत्काराची साडी पुढे केली. ती त्यांनी घेतली नाही. त्या माईकसमोर म्हणाल्या, "दादा, माझ्या पोराचं एवढंच जित्तं ऱ्हायलंय. त्येला जाऊ द्या." आणि मला म्हणाल्या, "बुद्धघोष, उचल रं ती पेटी." मी उचलली. लोकांनी वाट दिली, मॅडम मागोमाग आल्या.

गाडीत बसल्यावर मॅडमच्या सांगण्याप्रमाणे मठ्ठ्याचा बिनमिठाचा बर्फ बारीक फोडला, त्यात पाणी घातले आणि पिशव्यांभोवती भरला. मीटर ४ वर आल्यावर झाकण लावले. गाडी २.३२ वाजता सुटली. पाहुण्यांना मठ्ठा कोमट प्यावा लागला, हे तक्रारीतील म्हणणे खरे आहे.

किडनी कोणाला बसवली ते सांगत नाहीत. बसवल्यावर तिने काम सुरू केले नाही, रुग्णाला डायलिसिसवर ठेवले आहे, एवढे मॅडमनी फोनवर कळवले. त्या बावीस मिनिटांमुळेच असे झाले काय, हे त्यांनाही सांगता येईना. मला मात्र रोज तेच वाटत होते. दगडाबाई रोज सकाळी केंद्रावर येत, फोन आला का विचारत आणि परत जात. मानसिंगच्या दहाव्याच्या दिवशी विधी उरकून त्या तशाच केंद्रावर आल्या. दुपारी मॅडमचा फोन आला. रुग्णाला लघवी झाली, असे त्यांनी सांगितले. ते ऐकून दगडाबाई केंद्राच्या पायरीवर बसून रडल्या. मुलगा गेल्यापासून त्या रडल्या नव्हत्या.

हा जबाब मला मराठीत वाचून दाखवला. शेवटचा मजकूर तक्रारीशी संबंधित नाही, काढायचा काय, असे हवालदारांनी विचारले. काढू नये, असे मी सांगितले. जबाब माझ्या सांगण्याप्रमाणे बरोबर लिहिला आहे, म्हणून खाली सही केली.