भागूबाईची लेक पायरीवर आहे

मंडळी, आयाबायांनो,

भागूबाईसाठी आपण आज या धर्मशाळेत जमलो. सुईणीसाठी सभा कसली भरवता, असं वाटेत दोघांनी मला विचारलं. मी म्हटलं, तुम्ही पहिलं कुणाच्या हातात रडलात ते घरी विचारून या. विचारून आले. समोरच बसलेत. बसा, बसा, नावं घेत नाही.

मी बंदरावरचा मापाडी. भाताची मापं टाकता टाकता अक्षरं गिरवलेला माणूस. मला भाषण येत नाही. आज दुःखानं उभा आहे म्हणालो तर अर्धंच खरं होईल. मला लाज वाटते आहे.

कारण भागूबाईची लेक सखू बाहेर पायरीवर बसली आहे. परवा आईचं तेरावं झालं. आज सकाळी खालच्या आळीतल्या बाळंतिणीला न्हाऊ घालून, आपलं तान्हं कडेवर घेऊन ती इथं आली. आईच्या हाताखाली शिकत होती, शिकणं अर्धं राहिलं, तरी बोलावणं आलं की जाते. दारात आपल्यापैकीच कुणी म्हणालं, "सखू, तुला बाळंतिणीचा विटाळ आहे गं, तू बाहेरच टेक." ती टेकली. मी ऐकलं, आणि समईची वात सारखी करत राहिलो.

मंडळी, ही पायरी सखूला नवी नाही.

भागू म्हाताऱ्या सुईणीकडं शिकायला लागली तेव्हा सखू अंगावर पीत होती. नवरा गलबतावर, घरात दुसरं माणूस नाही. लेकरू ठेवायचं कुठं? बरोबर आणायची. पण आपल्यात काय म्हणतात? पाजती बाई बाळंतिणीच्या खोलीत शिरली की बाळंतिणीचं दूध ओढून नेते. म्हातारीनं बजावलं, "भागे, शिकायचं तर पोरीचं दूध तोड. दोन्ही डगरींवर हात चालायचा नाही." भागू म्हणाली, तोडते. म्हणाली खरी. पोटचं लेकरू, तोडवेल कसं?

मग सखूला ओटीच्या खांबाला लुगड्याच्या धडप्यानं बांधायची आणि आत जायची. आत पाय पसरून, पायांवर तुमचं बाळ घेऊन शिकायची. तेल किती, पाणी किती कढत, टाळू कशी भरायची. बाहेर सखू रडली की आत हिला पान्हा फुटे. चोळी भिजे. बायका टपलेल्याच. "काय गं भागू, एवढा घाम?"

त्यावर तिनं तोड काढली. न्हाणीत बसली की पहिला तांब्या स्वतःच्या अंगावर. ओलीचिंब. म्हणायची, "पाणी सोसेल का, ते आधी माझ्या अंगावर बघते." घरच्यांना वाटे, काय माया आहे हिला बाळाची.

हे तिनं म्हातारपणी घरी, आमच्या हिच्यापाशी सांगितलं. हसत हसत सांगितलं. मग हसू विरलं. म्हणाली, "वहिनी, पोर बाहेर भुकेजलेली, आणि माझं दूध मोरीत जायचं. मला अजून सखूकडं बघायची लाज वाटते."

ऐकलंत? लाज तिला वाटली. आपल्याला नाही.

आणि दूध आटलं कुणाचं? सांगा ना, आयाबायांनो. सबंध कल्याणात, पार शहाडापर्यंत तिनं बाळंतपणं केली. सखूला पाजत होती तेव्हाही केली. कुणा एकीचं आटलं?

बारशाला आपण तिला खणनारळ दिला, पाळण्यातलं मूल तिच्या पायांवर घातलं. खोलीत होती तोवर तिचा हात देवाचा. उंबऱ्याबाहेर आली की तोच हात विटाळाचा. हा कुठला न्याय, हे मला पोथ्या चाळून सापडलं नाही. सापडलं असतं तरी आज मानलं नसतं.

मी एकदा तिला म्हटलं होतं, "भागूबाई, तू गाव वाढवलंस." तर म्हणते कशी, "दादा, गाव वाढवलं खरं. पोर मात्र आपली आपण वाढली." मी तेव्हा मोठ्यानं हसलो होतो. मला वाटलं, थट्टा करते.

आता पुरे. चार चांगले शब्द बोलायचे होते, ते राहिले. राहू देत.

सखू, ए बाळ सखू, ऐकते आहेस ना? पोराला घेऊन आत ये. इथं माझ्याशेजारी सतरंजीवर जागा आहे. त्याला भूक लागली असेल तर इथंच बायकांत बसून पाज. ज्यांना विटाळ होईल त्यांनी खुशाल घरी जाऊन आंघोळ करावी. पाणी मात्र स्वतः तापवावं.

मंडळी, उठा. ती आत येऊन बसेपर्यंत आपण सगळे उभे राहू, आणि कुणी काही बोलायचं नाही. भागूबाईला आपला नमस्कार तेवढाच.