‘घेतले’चे बटण मी दाबल्याबाबत

मी, वरिष्ठ ऑपरेटर, कार्यालयात ‘दादा’ म्हणून ओळख, वय ५४, धंदा नोकरी, राहणार तिकीट आरक्षण कार्यालयामागील कर्मचारी वसाहत, पोलीस ठाण्यात समक्ष हजर होऊन सांगतो की, मंगळवारी दिलेला जबाब खोटा होता. खरे ते आज सांगतो.

आरक्षणाचा मोठा संगणक, म्हणजे मेनफ्रेम, मी बावीस वर्षे सांभाळतो. पूर्वी बिघाड झाला की खोलीत लाल दिवा लागे आणि मी धावे. गेल्या वर्षापासून इशारा आम्हा दोघांच्या मोबाईलवर येतो. जो आधी ‘घेतले’ दाबेल त्याचे नाव दिसते आणि दुसऱ्याचा फोन गप्प होतो. दुसरी म्हणजे कनिष्ठ ऑपरेटर, तिला आम्ही ‘धाकटी’ म्हणतो. तिला काम मीच शिकवले.

कोणी किती इशारे घेतले याचा तक्ता महिनाअखेरीस भिंतीवर लागतो. पाच महिने धाकटी पहिली होती. साहेब सर्वांसमोर म्हणाले, “दादा, पोरगी तुमच्या पुढे गेली हं.” मी हसलो. पण पोटात दुखू लागले. हे दुखणे डॉक्टरला दाखवण्यासारखे नव्हते.

मंगळवारी माझी सुट्टी होती, पण इशाऱ्यांच्या यादीतून माझा नंबर मी काढला नव्हता. सकाळी ११.१० वाजता न्हाव्याच्या खुर्चीत, गालाला साबण असताना फोन वाजला. मी न वाचता बटण दाबले. चार सेकंदांत. न्हाव्याने विचारले, “तातडीचं आहे का?” मी म्हणालो, “झालं ते.” मग डोक्याला तेलही लावून घेतले.

इशारा डिस्क भरत आल्याचा होता. ११.५० ला मेनफ्रेम थांबला, तिकिटांच्या नऊही खिडक्या बंद पडल्या. गर्दीच्या रेट्याने काचेचा दरवाजा फुटून पहारेकऱ्याच्या भुवईवर सात टाके पडले. धाकटी त्या वेळी मेनफ्रेमच्या खोलीपासून दहा पावलांवर बसली होती. तिच्या फोनवर माझे नाव आले, म्हणून ती उठली नाही.

साहेबांनी जाब विचारला तेव्हा मी सांगितले, की मी तिला लगेच फोन करून बघायला लावले होते. पोलिसांनाही तेच सांगितले. असा फोन मी केला नव्हता. साहेबांनी तिला विचारले. ती म्हणाली, “दादा म्हणतायत तर केला असेल. माझंच लक्ष नसेल.” तिला घरी बसवले. जाताना तिने चाव्या माझ्या हातात दिल्या. तिचा चांगुलपणाही मला सहन झाला नाही. वाटले, यातही ही पुढे गेली.

या महिन्याच्या तक्त्यात माझे नाव पहिले आहे. खाली दुसरे नाव नाही, तिचे काढून टाकले. तिला कामावर परत घ्यावे, दोष माझा आहे.

जबाब मला वाचून दाखवला. हवालदारांनी ‘कामाच्या ताणामुळे’ असे लिहिले होते. ते खोडून माझ्या सांगण्यावरून ‘हेव्यापोटी’ असे लिहिले. आता मजकूर बरोबर आहे.