काकांनी आणलेले बूट

आमच्या घरचा नियम तुम्हाला सांगते. मोठ्यांनी आणलेल्या वस्तूला नाव ठेवायचं नाही, आणि का म्हणून विचारायचंही नाही.

माझा धाकटा भाऊ दिनू काशीदच्या पुळणीवर अनवाणी धावायचा, कुणाच्याही हाती लागायचा नाही. शाळेच्या शर्यतीसाठी बूट हवेत म्हणून आजोबांनी सुतळीनं त्याच्या पायाची लांबी मोजली आणि ती सुतळी मुंबईला काकांकडे पाठवली. रुंदी कुणी मोजलीच नाही. दिवाळीत काका कापडी बूट घेऊन आले.

"कसे आहेत रे?"

"झकास, काका!" दिनू म्हणाला. मग माझ्या कानाशी, "ताई, बोटं एकावर एक चढतायत गं."

मी तोंड उघडलं तशी आई म्हणाली, "गप बस. हौसेनं आणलेत त्यांनी. वापरून सैल होतील."

सुटी संपली, मी कॉलेजात परतले. इकडे दिनूच्या पायाला फोड आले, ते फुटून चिघळले. आई हळद भरायची आणि दिनू पुन्हा बूट चढवायचा. शेवटी अलिबागच्या डॉक्टरांनी त्याची दोन बोटं कापली.

तो घरी आला तेव्हा मी कॉलेजातून आणि काका मुंबईहून आले होते. काका तेच बूट घेऊन त्याच्यापाशी बसले. "घाल बाळा, आता बरोबर बसेल." अगदी मायेनं म्हणाले हो! आणि दिनूनं मुकाट्यानं पाय पुढे केला.

मी तो पाय मांडीवर ओढून घेतला. "नाही घालणार तो. दिनू, सांग यांना, दुखत होतं की नाही?"

"पहिल्या दिवसापासून," दिनू म्हणाला.