मागच्या थंडीची जाहिरात

स्टेटसला जुना व्हिडिओ ठेवायचं मी का सोडलं, ते ऐका.

आमच्या शिरूर कासारात थंडीच्या दिवसांत निम्मं गिऱ्हाईक ऊसतोडीला गेलेलं असतं. पण माझ्या दुकानाचं स्टेटस तिकडं बसून बघतंय. यंदा म्हणलं, थंडी तीच, ब्लँकेटं तीच, नवा व्हिडिओ कशाला काढायचा? मागच्या वर्षीचाच परत ठेवला.

तासाभरात शेजारच्या महादूचा फोन आला, उसाच्या फडातून.

"आप्पा, आईला बघितलं."

"कुठं बे?"

"तुमच्या व्हिडिओत. मागं आमच्या पायरीवर उन्हात बसलीय. शेजारचे म्हणत होते लई खंगली, म्हणून आज गावाकडं निघणार होतो. आता न्हाई येत. चांगली हिंडती-फिरती हाय की."

त्याची आई, आमची मावशी, दिवाळीपासून अंथरुणाला खिळलेली.

"महादू, तो व्हिडिओ मागच्या थंडीतला हाय. मावशी आता उठत न्हाई. तू ये."

तिकडून कोयता खाली टाकल्याचा आवाज आला. मग म्हणाला, "निघतो. पण आप्पा, मी पोचेपर्यंत तो व्हिडिओ काढू नका. वाटंनं बघत येतो."