मिस ओडील आणि वॉशिंग्टनचा कागद

...म्हणजे आता मी सिद्ध करायचं, की मला वाचता येतं! मी! ओडील ब्रुसार! पहिलीच्या वर्गात मदतनीस आहे, सव्वीस वर्षं, बरं का, अर्ध्या गावाला पेन्सिल धरायला मी शिकवलं, आणि आमचे हेडमास्तर फोंटेनो सर मला बोलावून काय म्हणतात? “मिस ओडील, आपल्या शाळेला वॉशिंग्टनचे, म्हणजे केंद्र सरकारचे पैसे येतात ना, तर त्यांचा नियम आलाय. मदतनिसाला दोन वर्षांचं कॉलेज हवं, नाहीतर परीक्षा पास हवी. तुमच्याकडे कागद आहे काही?”

कागद! तुम्हाला सांगते, माझ्याकडे बाप्तिस्म्याचा कागद आहे, लग्नाचा आहे (शाळेत आम्ही सगळ्या मिसच, लग्न झालं तरी), कुत्र्याला इंजेक्शन दिल्याचासुद्धा आहे... कॉलेजचा कुठून आणू?

“आणि नाही झाले पास, तर?”

“तर... शाळेच्या स्वयंपाकघरात एक जागा आहे.”

घ्या! अहो, माझ्या हातचं गंबोचं कालवण खाऊन माझा नवरा चर्चला जायला लागला! पोरांनी काय पाप केलंय? बरं, मी गेले तर आमच्या युलालीचं काय? सहा वर्षांची पोर, सप्टेंबरात शाळेत आली तेव्हापासून वर्गात चकार शब्द नाही, जे काय असेल ते माझ्या कानात. आता कान काय स्वयंपाकघरातून लांबवू?

आणि गंमत ऐका, आमच्या वर्गाच्या बाई, मिस थेरिओ, त्यांनाही परीक्षा! तीस वर्षं बेरजा शिकवल्या, पदवी निघाली संगीताची! मग काय, मधल्या सुट्टीत दोघी म्हाताऱ्या अभ्यासाला. अपूर्णांक काही डोक्यात शिरेनात, म्हणून मी मक्याचा पाव, कॉर्नब्रेड, भाजून आणायची. तीन चतुर्थांशातून एक अष्टमांश वजा... की तो अष्टमांश बाई गट्ट करणार! गणित सुटेपर्यंत ताट साफ. माझं वजन पाच पौंड वाढलं, पण अपूर्णांक असे पक्के झाले की आता केक दिसला तरी मी आधी छेद शोधते.

परीक्षा शनिवारी, हायस्कूलच्या लायब्ररीत. दारात कोण? अर्माँ! ज्याच्या बुटांच्या नाड्या मी वर्षभर बांधल्या, तो अर्माँ, गळ्यात परीक्षकाचा बिल्ला अडकवून! म्हणतो, “मिस ओडील, ओळखपत्र?”

“अर्मूऽ, तू मला ओळखत नाहीस?”

“ओळखतो हो... पण नियम आहे ना.” कानापर्यंत लाल झाला बिचारा. दाखवलं ओळखपत्र. सव्वीस वर्षं, बरं का!

बसले कॉम्प्युटरसमोर. गणित झालं, कॉर्नब्रेडच्या कृपेने. आणि मग प्रश्न... ‘मूल वाचताना एका शब्दाला अडले, तर मदतनिसाने प्रथम काय करावे?’ आता मला सांगा, कुठलं मूल? लूक असेल तर नुसतं थांबायचं, मार्गो असेल तर आधी खिडकी लावायची, युलाली असेल तर कान द्यायचा! मी हात वर केला. “अर्माँ, ह्या मुलाचं नाव काय आहे?”

“मिस ओडील, श्शू!” आणि ओठांवर बोट... तेसुद्धा डाव्या हाताचं! अहो, मीच शिकवलेलं ते, उजवा हात पेन्सिलीला म्हणून!

काय खुणा केल्या देव जाणे. तीन आठवडे निकालाची वाट. रोज टपालपेटी उघडायची, रोज किराण्याची जाहिरात! नवरा म्हणतो, “स्वयंपाकघर मिळालं तर निदान गंबो तरी सुधारेल.” हा माझा आधार!

आणि परवा पत्र आलं. पास! मिस थेरिओही पास! आम्ही दोघी फळ्यासमोर मिठ्या मारून रडतोय, पोरं आ वासून बघताहेत. युलाली येऊन कानात म्हणाली, “मग आता तू इथंच?” म्हटलं, इथंच गं माझे राणी.

तेवढ्यात फोंटेनो सर आले, घसा खाकरून वर्गाला म्हणाले, “मुलांनो, टाळ्या! आजपासून आपल्या मिस ओडील पात्र झाल्या!”

टाळ्या वाजल्या. आणि पहिल्या बाकावरून मार्गो उभी राहिली, खणखणीत आवाजात, “सर, म्हणजे इतकी वर्षं त्या अपात्र होत्या?”

सर माझ्याकडे बघतात, मी छताकडे बघते... सव्वीस वर्षं, बरं का! वाक्यात एक चूक नव्हती हो पोरीच्या. मीच शिकवलंय तिला. बस म्हटलं, शाबास.