सोफ्यावरचे पाय

लेस्कोवात्सच्या बाजारात ऐवारची चटणी घालायला लाल मिरच्यांची पोती घेणाऱ्यांची रांग लागली होती. पुढच्या सासूसुनेचं जुंपलेलं ऐकायला रांगेतल्या देसांकानं डोक्यावरचा रुमाल कानामागं सारला.

"नेवेना, मी भाजलेल्या मिरच्या सोलतानाचे, तू भांडी घासतानाचे, बाळाला पाजतानाचे फोटो कशाला काढतेस गं? माझ्या मुलाला सोडायचा बेत दिसतोय. कोर्टात दाखवशील!"

"नाही हो आई, प्रदर्शन आहे. आयांच्या घरकामाचं."

"म्हणजे अख्खं गाव बघणार! आण तो कॅमेरा. हे पाय कुणाचे?"

"सोफ्यावरचे? तुमच्या मुलाचे."

"मोजे बरे पांढरेशुभ्र आहेत."

"मीच धुतले."

"हं. त्याच्या बापाच्या पायांचाही फोटो काढ. शेजारीच पसरलेले असतात."

"खरंच काढू?"

"काढ. पण कुणी विचारलं, तर मला काही ठाऊक नाही."